टॅपेट कव्हरचे पॅकिंग आणि धुतलेले इंजिन



तळोदा तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी दुकानाच्या कमाईतून थोडे थोडे साठवून एक जुनी मोटार घेतली गेली. विकणारे परके नव्हते, त्यांच्या यजमानांचे खालाजाद भाऊच. गाडी घरी आली त्या दिवशी बॉनेट उघडून पाहिले तर इंजिन नव्यासारखे चकचकीत. पण महिनाभरातच चांदसैलीचा घाट चढून सगळे धडगावला गेले आणि गाडी थांबताच बॉनेटमधून जळक्या तेलाचा वास व थोडा धूर येऊ लागला. एका गॅरेजवाल्याने वरवर पाहून सांगितले की इंजिनाचे काम काढावे लागेल, आणि हजारोंचा आकडा ऐकवला. तेव्हापासून घरात दोन तट पडले आहेत. यजमान म्हणतात, भावाने फसवले, पैसे परत घ्यायचे. सासूबाई म्हणतात, नात्यातला सौदा आहे, तोंड उघडायचे नाही. भगिनीने आम्हाला दोन प्रश्न विचारले आहेत. इंजिन खरेच गेले आहे का? आणि नात्यातल्या व्यवहारातली खोट बोलून दाखवणे गुनाह आहे का?

दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा त्यांनाच देत आहोत.

आधी इंजिनाचे पाहू. इंजिन ऑइल गाडीच्या तळाशी असलेल्या चेंबरमध्ये साठलेले असते. गाडी सुरू झाली की ऑइल पंप ते वर ढकलतो, थेट इंजिनाच्या माथ्यापर्यंत. तिथे कॅमशाफ्ट फिरत असतो आणि त्याच्या उंचवट्यांनी व्हॉल्व्ह उघडझाप करतात. हे भाग सतत तेलात भिजलेले असावे लागतात. काम झाले की तेल आतल्या वाटांनी आपल्याच वजनाने पुन्हा खाली चेंबरमध्ये उतरते. या माथ्यावर जे झाकण असते त्याला आपल्याकडचे मिस्त्री टॅपेट कव्हर म्हणतात. कंपनीच्या पुस्तकात त्याला व्हॉल्व्ह कव्हर किंवा सिलिंडर हेड कव्हर असे नाव असते. झाकण आणि त्याखालचे हेड यांच्या सांध्यात जी पट्टी बसते ते पॅकिंग, म्हणजेच गॅस्केट.

प्रेशर कुकरची रिंग आठवा. पॅकिंगचे काम तेच. फरक इतका की कुकरमध्ये दाब मोठा असतो, तर निरोगी इंजिनाच्या या झाकणाखाली दाब जवळजवळ नसतो. तिथे तेल उडत असते, ते बाहेर येऊ नये एवढेच पॅकिंगने पाहायचे असते. पूर्वी ही पॅकिंग कॉर्कची, म्हणजे बाटलीच्या बुचाला वापरतात त्या सालीची असत. आता बहुतेक रबराची असतात. कुकरची रिंग काही वर्षांनी कडक होते, चपटी होते, तिला भेगा पडतात, तसेच या रबराचे होते. आपल्याकडे दोष नंदुरबारच्या उन्हाला देण्याची रीत आहे. पण इंजिनात फिरणारे पाणीच ९० अंशांच्या आसपास तापलेले असते. त्यापुढे मे महिन्याचे ऊन काहीच नाही. पॅकिंग मरते ते इंजिनाच्या स्वतःच्या उष्णतेने आणि वयाने.

मग गळती घाटातच का दिसली? सपाट रस्त्यावर थेंबभर तेल झिरपते, त्यावर धूळ बसते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये ओढत असते, इंजिनावर भार असतो, तेल पातळ झालेले असते आणि सायलेन्सरचा जो भाग थेट इंजिनाला जोडलेला असतो, तो मॅनिफोल्ड, सपाटीपेक्षा कितीतरी जास्त तापतो. झाकणाच्या कडेने ओघळलेले तेल त्यावर पडले की वास आणि धूर दोन्ही येतात. चांदसैलीच्या घाटात किंवा तोरणमाळच्या चढणीला अनेक जुन्या गाड्यांची ही खोड उघडी पडते.

आम्ही भगिनीला कळवले की काम काढण्यापूर्वी एक सोपी तपासणी करा. इंजिन थंड असताना झाकणाच्या चारही बाजू कोरड्या फडक्याने नीट पुसून काढा. मग वीस-पंचवीस किलोमीटर गाडी चालवा, इंजिन निवू द्या आणि बॅटरी घेऊन पाहा. तेल वरून खाली वाहते. त्यामुळे खालचा ओला भाग पाहून निदान करू नये, सर्वांत वरचा ओला भाग कोणता ते शोधावे. कळत नसेल तर पुसलेल्या सांध्याखाली थोडी टाल्कम पावडर भुरभुरावी. ताजे तेल आले की पावडरीवर रेघ उमटते. तेल भरायच्या टोपणाखाली ओल असेल तर त्याचे छोटे रबर बदलावे, तेवढ्याने भागते. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर थेंब असतील तर ते सील वेगळे, काम मोठे. आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, डिपस्टिकवरचे तेल दुधाच्या चहासारखे दिसत असेल, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत असेल, तर शंका हेड गॅस्केटची घ्यावी. ते खरोखर खर्चाचे काम.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हेड गॅस्केट आणि टॅपेट कव्हरचे गॅस्केट ही नावे कानाला सारखी लागतात, पण एकात इंजिनाचे डोके उतरवावे लागते आणि दुसऱ्यात फक्त झाकण. मिस्त्री "गॅस्केट गेले" म्हणाले की पहिला प्रश्न विचारावा, "कोणते गॅस्केट?" आणि बोट ठेवून दाखवायला सांगावे. घरातल्या बायकांनीही हा प्रश्न विचारायला संकोच करू नये.

आठ दिवसांनी उत्तर आले. पाणी कमी झालेले नव्हते, तेल स्वच्छ होते, आणि ओल होती ती झाकणाच्या मागच्या कोपऱ्यावर. म्हणजे इंजिन गेलेले नव्हते. गाडी नंदुरबारला आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींकडे आणली गेली आणि आम्हीही तिथे थांबून सगळे काम पाहिले.

मिस्त्रींनी गाडी दोन तास उभी ठेवून निवू दिली. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. प्लगच्या वायरींना खडूने एक, दोन, तीन असे आकडे घातले, मोबाईलवर एक फोटो काढला आणि मग त्या सोडवल्या. झाकणावरचा हवेचा पाइप काढला. बोल्ट एकदम एका बाजूने न काढता बाहेरून आत, समोरासमोरचे असे थोडे थोडे सैल केले. झाकण चिकटलेले होते. त्यात पेचकस घालून उचकटण्याचा मोह होतो, पण झाकण आणि हेड अॅल्युमिनियमचे असले तर एका ओरखड्यातून पुढे कायमची गळती सुरू होते. मिस्त्रींनी रबरी हातोडीने चारही बाजूंनी हलकेच ठोकले, तसे ते सुटले.

झाकण निघताच उघड्या भागावर त्यांनी स्वच्छ फडके पसरले. एखादा वॉशर किंवा खडा आत पडला तर दोन तासांचे काम दोन दिवसांचे होते. जुने पॅकिंग हातात घेतले तर ते रबर राहिलेलेच नव्हते. वाकवताच प्लास्टिकच्या पट्टीसारखे तुटले. एका प्लगच्या विहिरीतही तेल उतरले होते. ज्या इंजिनात प्लग झाकणाच्या मधून खाली जातात, तिथे प्रत्येक विहिरीभोवती एक गोल सील असते आणि तेही पॅकिंगबरोबरच बदलायचे असते. नाहीतर तेल प्लगपर्यंत पोचते आणि गाडी झटके खाऊ लागते.

यानंतर मिस्त्रींनी जे केले ते अनेक ठिकाणी होत नाही. इंजिनातल्या वाफा बाहेर न सोडता पुन्हा हवेच्या वाटेत नेणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पीसीव्ही म्हणतात त्याला. तो काढून त्यांनी हलवला. चांगला असेल तर आतून खुळखुळ आवाज येतो. हा मुका होता, काजळीने बुजलेला. ते म्हणाले, "सर, वाफेला वाट मिळाली नाही की झाकणाखाली दाब धरतो. मग नवे पॅकिंग टाका नाहीतर सोन्याचे टाका, सहा महिन्यांत पुन्हा गळणार." व्हॉल्व्ह बदलला. पॅकिंग बदलूनही गळती परत येते अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी हे जरूर तपासून घ्यावे.

हेडची आणि झाकणाची कड प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून, पुसून अगदी कोरडी केली. तेलकट जागेवर पॅकिंग बसत नाही. झाकण काचेवर पालथे ठेवून ते वाकलेले नाही ना, हे पाहिले. नवे पॅकिंग झाकणाच्या खाचेत बोटाने दाबत सगळीकडे बसवले. सिलिकॉनची ट्यूब होती, पण तिचा उपयोग त्यांनी फक्त कोपऱ्यांपुरता, जिथे दोन भागांचा सांधा येतो तिथे ठिपक्याएवढा केला. काही ठिकाणी पॅकिंग न बदलता सगळीकडे सिलिकॉन थापतात. त्याचे जादा तुकडे आत सुटून तेलाच्या वाटेत अडकू शकतात, आणि त्यातून होणारे नुकसान गळतीपेक्षा मोठे असते.

शेवटी बोल्ट. आता उलट क्रम, मधून बाहेर, आणि दोन-तीन फेऱ्यांत. लहान गाड्यांत या बोल्टना साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर पुरतो. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकात असतो. १० न्यूटन-मीटर म्हणजे २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे ५ किलोचे वजन टांगावे इतकाच जोर. त्यापेक्षा जास्त आवळले की पॅकिंग चेपून बाहेर येते, झाकण वाकते किंवा अॅल्युमिनियममधले आटे जातात. आवळून गळती थांबवू पाहणे हा म्हणूनच उलटा उपाय. सगळे जोडून गाडी सुरू केली, पंधरा मिनिटे उभी चालवली, कडेने बोट फिरवले, कोरडे. डिपस्टिक पाहून कमी पडलेले तेल भरले. चार दिवसांनी पुन्हा एकदा पाहा, असे सांगितले.

पॅकिंग, सील आणि व्हॉल्व्ह मिळून खर्च आला तो त्या हजारोंच्या आकड्यापुढे किरकोळ होता. तरीही या गळतीला किरकोळ म्हणून सोडून देऊ नये. तेल हळूहळू कमी होत जाते आणि कमी तेलावर घाट चढलेले इंजिन मात्र खरोखर जाते. तापलेल्या मॅनिफोल्डवर साचत गेलेले तेल क्वचित पेटही घेते. गाडीत लेकरेबाळे बसलेली असतात. जळक्या तेलाचा वास आला की त्याच आठवड्यात तपासून घ्यावे.

आता दुसरा प्रश्न. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जाते. वस्तूतल्या दोषाला मराठीत खोट म्हणतात आणि असत्याला खोटे. फार जवळचे शब्द आहेत. खोट असणे हा विकणाऱ्याचा अपराध नसतो. जुन्या गाडीत काही ना काही असणारच. ती झाकली की मग खोटेपणा सुरू होतो.

सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या एका राशीजवळून जात होते. त्यांनी राशीत हात घातला तर आतले धान्य ओले लागले. विचारल्यावर विक्रेता म्हणाला की पावसाने भिजले. त्यावर आपण (स.) विचारले की मग ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, आणि जो फसवतो त्याचा आपल्याशी संबंध नाही, असे स्पष्ट केले. धान्य पावसाने भिजले, त्यात विक्रेत्याचा हात नव्हता. कोरडे धान्य वर पसरणे हे मात्र त्याचे काम होते. विकण्याच्या आदल्या दिवशी इंजिन पाण्याने धुऊन, पॉलिश मारून ठेवणे ही त्या राशीचीच आजची तऱ्हा आहे. स्वच्छता वाईट नाही. पण धुण्याचा हेतू गळती दिसू नये हा असेल तर हिशोब बदलतो.

इब्ने माजामधील एका हदीसचा आशय असा की ऐब माहीत असून तो न सांगता आपल्या भावाला वस्तू विकणे मुसलमानाला हलाल नाही. आणि बुखारी व मुस्लिम दोहोंत आले आहे की घेणारा-देणारा खरे बोलले, उघड सांगितले तर त्यांच्या सौद्यात बरकत असते. लपवले तर ती पुसली जाते. विक्रीपूर्वीचा लपलेला ऐब नंतर सापडल्यास घेणाऱ्याला सौदा परत करण्याचा हक्क फिकहने दिला आहे. त्याला खियारे-ऐब म्हणतात. त्याचे बारकावे आपल्या भागातल्या आलिमांना विचारावेत. देशाचा कायदाही फार वेगळे सांगत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ नुसार फसवण्याच्या हेतूने, माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकून ठेवणे ही फसवणूक ठरते. नुसते गप्प राहणे मात्र कायदा सहसा फसवणूक मानत नाही. आपल्या दीनने गप्प राहण्याची ती मोकळीकही ठेवलेली नाही.

म्हणून सासूबाईंना आमचे आदराने सांगणे असे की ज्याच्याशी सौदा झाला त्याच्याशी समोरासमोर बोलणे ही गीबत नव्हे. तेच गाऱ्हाणे चार घरी सांगत फिरणे ही गीबत आहे. आणि यजमानांना सांगणे असे की बोलण्यापूर्वी खोट किती ते मोजा. गॅरेजचा पहिला आकडा धरून ते भावाच्या दारात गेले असते तर हजारोंचे भांडण झाले असते, तेही नसलेल्या दोषावरून. नातेसंबंध जोडून ठेवणे, सिलारहमी, हेही फर्ज आहे. पण मनात अढी ठेवून दस्तरख्वानावर शेजारी बसण्याने ते पुरे होत नाही.

प्रत्यक्षात झाले ते असे. भगिनीच्या यजमानांनी तुटलेले पॅकिंग कागदात गुंडाळून नेले आणि भावासमोर ठेवले. भाऊ आधी म्हणाले की विकताना सगळेच इंजिन धुतात. थोड्या वेळाने म्हणाले, वास आपल्यालाही येत होता, पण खर्च मोठा असेल या भीतीने कुणाला दाखवले नाही. दुरुस्तीचे पैसे त्यांनी त्याच वेळी दिले. भगिनी लिहितात की सासूबाई आता बोलू लागल्या आहेत, यजमानांच्या मनात थोडे आहे. ते जायला वेळ लागेल.

भावाचे ते बोलणे आम्हाला विचार करण्यासारखे वाटते. पुष्कळदा ऐब लपवला जातो तो लबाडीपेक्षा भीतीने. आपल्या दोषाची किंमत आपण स्वतःच फार मोठी धरून बसतो आणि तपासायला जात नाही. अर्ध्या दिवसाचे काम आणि किरकोळ खर्च, एवढ्यासाठी दोन घरांत महिनाभर सलाम बंद राहिला.

आपल्या जिल्ह्यात लग्नसराईच्या आधी जुन्या गाड्यांचे बरेच सौदे होतात. विकणाऱ्याने इंजिन धुण्याआधी मिस्त्रींना दाखवावे. धुतलेच तर नंतर शंभरेक किलोमीटर गाडी चालवून मग दाखवायला न्यावी. घेणाऱ्याने थंड इंजिन पाहावे, मग चढावर फिरवून आणून गरम इंजिनाचा वास घ्यावा, टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेवरून बोट फिरवावे. आणि सौद्याच्या चिठ्ठीत किमतीखाली एक ओळ जास्त लिहावी: पॅकिंग कधी बदलले, किंवा गळते आहे आणि बदललेले नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि खरेदी-विक्रीला साक्षीदार ठेवण्याची शिकवण आहे. भावाभावांत तर अशी चिठ्ठी अधिकच हवी, कारण तिथे तोंडाने विचारायला संकोच होतो.

अल्लाह आपल्या सर्वांच्या कमाईत आणि सौद्यात बरकत देवो, आमीन.